अनाथ मुलांच्या शिक्षणाचा पैसा असतो, पण तो कोणत्या इयत्तेत मिळतो?

धार जिल्ह्यातल्या बदनावर तहसिलीत मुलथान हे गाव आहे. जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय याच गावात. इथं निवड झालेल्या मुलाचं राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं हा सगळा खर्च सरकार करतं. तरीही याच परिसरातल्या, बाप किंवा आईबाप दोन्ही गमावलेल्या मुलाचं शिक्षण मध्येच सुटू शकतं. पैसाच नसतो म्हणून सुटतं, असं दर वेळी नाही. प्रत्येक योजनेची एक इयत्ता ठरलेली असते आणि ती इयत्ता निघून गेली की दार बंद होतं. घरच्यांना ते बहुतेक वेळा नंतर कळतं.

पूर्वी गरीब घरची मुलं वार लावून जेवायची, माधुकरी मागून शिकायची. आज पैसा सरकारी आहे, पण घरं फिरण्याऐवजी कार्यालयं फिरावी लागतात. धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थानं. इथल्या मराठी घरांच्या सोयरिकी महाराष्ट्रात असतात. त्यामुळे मुलाचा बाप गेला की सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्या राज्यात, असा प्रश्न उभा राहतो. कुठलं दार कधी उघडतं, ते म्हणूनच आधी माहीत असलेलं बरं.

पहिलं दार: शाळा सुरू होताना

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. या कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्हीकडे अनाथ मुलं यात बसतात आणि निवड ऑनलाइन सोडतीने होते. फी सरकार शाळेला देतं.

पण ही मोफत सोय आठवीपर्यंतच आहे. नववीची फी घरच्यांना भरावी लागते. खासगी शाळेत नंबर लागल्याचा आनंद असतोच, मात्र आठ वर्षांनी काय करायचं याचा विचार त्याच दिवशी करायला हवा.

दुसरं दार: पाचवी

नवोदय विद्यालयांची सुरुवात १९८५-८६ मध्ये दोन शाळांपासून झाली. एक हरियाणातलं झज्जर, दुसरी आपली अमरावती. प्रवेश सहावीत, परीक्षा पाचवीत असताना. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना. नववीपासून महिन्याला ६०० रुपये विकास निधी घेतात, पण मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलांना तो माफ आहे.

अटी मात्र कडक आहेत. परीक्षा एकदाच देता येते. मूल त्याच जिल्ह्यात राहणारं आणि पाचवी तिथंच शिकणारं हवं. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं खेड्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली हवीत. या काळात एक दिवस जरी शहरातल्या शाळेत नाव असलं, तरी मूल शहरी धरलं जातं. बदनावरला नगर परिषद आहे. म्हणजे खेड्यातल्या पोराला “चांगल्या शाळेत” म्हणून चौथीत बदनावर गावात घातलं, तर मुलथानची ग्रामीण जागा हातची गेली.

तिसरं दार: आठवी

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक गुणवत्ता शिष्यवृत्ती, म्हणजे एनएमएमएस, २००८ मध्ये सुरू झाली. आठवीत परीक्षा द्यायची. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये थेट खात्यात येतात. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. सातवीत ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींना त्यात ५ टक्के सवलत.

इथं मोठी मेख आहे. ही शिष्यवृत्ती सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच मिळते. शिक्षण हक्कातून खासगी विनाअनुदानित शाळेत गेलेलं मूल या परीक्षेला बसू शकत नाही. आठवीनंतर त्याची फी माफी संपते आणि शिष्यवृत्तीही नसते. गळतीची खरी भीती याच वळणावर असते.

दर महिन्याचा आधार

वरच्या योजना इयत्तेला बांधलेल्या आहेत. मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व तसं नाही. वय १८ होईपर्यंत मुलामागे महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात. विधवा, घटस्फोटित किंवा टाकून दिलेल्या आईची मुलं, आजी, काका, मामा यांच्याकडे राहणारी अनाथ मुलं, पालक जीवघेण्या आजाराने अंथरुणाला खिळलेत अशी मुलं यात येतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरात ९६,००० रुपये. मूल शाळेत नियमित जातंय की नाही, हेही पाहिलं जातं.

खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे किंवा बालकल्याण समितीकडे करायचा. घरची चौकशी होते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती मंजुरी देते.

आईवडील दोन्ही नसलेल्या आणि नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांसाठी मध्य प्रदेशात मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजनाही आहे. तिची रक्कमही महिन्याला ४,००० रुपये. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. २०२३ आधी ही रक्कम १,१०० होती.

आई माहेरी गेली तर?

समजा, बदनावरकडचा संसार मोडला आणि आई चौथीतल्या मुलाला घेऊन धुळ्याला भावाकडे आली. मध्य प्रदेशात बहुतेक योजनांना समग्र आयडी लागतो. महाराष्ट्रात त्याचा उपयोग नाही. मुलथानच्या नवोदयचा हक्क जिल्हा सुटताच संपतो. मात्र पाचवी धुळे जिल्ह्यात शिकली तर तिथल्या नवोदयला अर्ज करता येतो. मिशन वात्सल्य दोन्ही राज्यांत आहे, पण मूल जिथं राहतं त्या जिल्ह्यात नव्याने अर्ज करावा लागतो.

म्हणून निघण्याआधी कागद हातात घ्यावेत: वडिलांचा मृत्यू दाखला, मुलाचा जन्म दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि बँक पासबुक. मृत्यूची नोंद बदनावरला झाली असेल, तर दाखलाही तिथलाच लागतो. तिकडे पटवारी, इकडे तलाठी. उत्पन्नाच्या कागदासाठी दार बदलतं, पण काम तेच. महिनाभराने परत हेलपाटा घालायचा म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते. कित्येक अर्ज अशाच एका कागदापायी पडून राहतात.

सुरुवात कुठून करायची?

मूल पाचवीच्या आतलं असेल, तर शाळा बदलण्याआधी नवोदयची अट पाहावी. सहावी ते आठवीत असेल, तर शाळेला एनएमएमएसबद्दल विचारावं. इयत्ता कुठलीही असो, महिन्याच्या मदतीसाठी अंगणवाडी कार्यकर्तीला किंवा जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात विचारता येतं. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत मदत क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो.

ज्या घरात कमावता माणूस गेला, तिथं पहिल्या महिन्यात या गोष्टी कुणाला सुचत नाहीत. शेजारी, गुरुजी, मामा यांच्यापैकी कुणी एकाने मुलाची इयत्ता विचारली आणि कागदांची पिशवी नीट लावून दिली, तरी त्या मुलाचं पुढचं वर्ष वाचतं.