घड्याळातले ‘17 ज्युवेल्स’

चावीच्या मनगटी घड्याळावर लिहिलेले ज्युवेल्स म्हणजे मुख्यतः चाकांच्या आसांची टोके फिरण्यासाठी बसवलेल्या, भोके असलेल्या माणकाच्या चकत्या (बेअरिंग). बैलगाडीच्या तुंब्यात लोखंडी कडे नसेल, तर आस लाकूड खात जातो आणि चाक डुगडुगते. घड्याळात त्या कड्याचे काम माणिक करते.

एचएमटीच्या ‘जनता’ घड्याळाचे तोलचक्र (झोके घेऊन वेळ मोजणारे चाक) तासाला 18,000 ठोके देते, म्हणजे दिवसाला 4 लाख 32 हजार. नुसत्या पितळी भोकात आसाचे केसाएवढे टोक इतके फिरले, तर भोक लांबट होऊन वेळ चुकू लागेल. कठीण, गुळगुळीत माणकात घर्षण कमी होते. महागड्या घड्याळांच्या कार्यशाळेतही जुळणी करणारा कारागीर डोळ्याला भिंग लावून, सुईच्या अग्रावरचा तेलाचा थेंब याच चकतीच्या खळग्यात सोडतो. थेंब जास्त झाला तर तेल पसरते आणि टोक कोरडे पडते.

‘घड्याळजीने आतले हिरे काढून घेतले’ हा संशय जुना आहे. पण ते हिरे नसतात. ऑग्युस्त व्हर्नय यांची ज्वालेत माणिक घडवण्याची रीत 1902 मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून ते कृत्रिम आणि स्वस्त झाले. शिवाय चकती काढली, तर घड्याळ नीट चालणारच नाही.

जास्त ज्युवेल्स म्हणजे भारी घड्याळ, हेही खरे नाही. साध्या चावीच्या घड्याळाला 17 पुरतात. स्वयंचलित (मनगटाच्या हालचालीने चावी भरणाऱ्या) घड्याळात चाके अधिक, म्हणून माणकेही अधिक.