व्यापारी मार्गाने आलेला इस्लाम

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड येथील मुस्लिम बांधव आपल्या नित्य परिचयाचे आहेत. तरीही इस्लाम महाराष्ट्रात केवळ तलवारीच्या बळावर आला, असे आपण वारंवार ऐकतो. म्हणून इतिहासातील नोंदी आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर १२९६ मध्ये स्वारी केली. त्यापूर्वी सुमारे पावणेचारशे वर्षे अरब प्रवासी अल्-मसुदी कोकणातील चौल बंदरात आला होता. तेथे सुमारे १०,००० मुस्लिम राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले होते, तसेच येथेच जन्मलेलेही होते. मोसमी वाऱ्यांवर येणाऱ्या गलबतांना परतीच्या वाऱ्यांसाठी थांबावे लागे. त्या मुक्कामातून घरे व विवाहसंबंध निर्माण झाले, मशिदी उभ्या राहिल्या. त्यांच्या तंट्यांचा निवाडा त्यांच्यातीलच प्रमुख करीत असे.

९२६ च्या चिंचणी ताम्रपटानुसार राष्ट्रकूट राजाच्या वतीने संजाणचा कारभार मुहम्मद नावाचा अरब अधिकारी पाहत होता. लोकांसाठी त्याने विनामूल्य नावा व अन्नछत्र सुरू केले आणि देवीच्या मठास दान देण्यास संमती दिली.

विदर्भात पुढे राजसत्ता, सुफी संत व व्यापारी या सर्वांचा वाटा राहिला. युद्धेही झाली, हे नाकारता येत नाही. परंतु तेवढाच इतिहास नव्हे.

याच सागरी मार्गावरील ‘कल्लियाना’ येथे सहाव्या शतकात बिशप असल्याची नोंद कॉस्मस या प्रवाशाने केली आहे. अनेक अभ्यासक त्या स्थानास कल्याण मानतात. आपली श्रद्धाही व्यापाऱ्यांच्या गलबतांतून या किनाऱ्यास लागली, हे ध्यानी ठेवून आपण शेजाऱ्यांच्या धर्माविषयी बोलावे, अशी आमची विनंती आहे.