काचेआड गेलेली आरास

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत माहेरी राहते. त्या महिन्यातल्या एखाद्या दुपारी हळदीकुंकू ठरले, की आदल्या रात्रीपासून आरास सुरू होई. ट्रंका, डबे आणि पाट एकावर एक रचून पायऱ्या करायच्या, त्यांवर जरीकाठी लुगडे पसरायचे. सर्वांत वर झोपाळ्यात गौर, दोन्ही अंगांना समया. खालच्या पायऱ्यांवर कातरलेले कलिंगड, फराळाची ताटे, लाकडी फळे, बाहुल्या. सगळे झाले की घरातली एखादी आत्या दारापर्यंत मागे सरून डोळे बारीक करी आणि फर्मान सोडी : "तो हत्ती जरा मागे घे, आणि समईपुढची गर्दी काढ."

आज इंटिरियर डिझायनर साइडबोर्ड सजवताना हेच करतो आणि त्याचे पैसे घेतो. वस्तूंची उंची सारखी नको, मागची वस्तू पुढचीच्या मागून थोडी डोकावली पाहिजे, आणि कुठेतरी हात टेकेल एवढी जागा मोकळी हवी. ही समज आपल्या घरांत होती. मधली काही दशके ती शोकेसच्या काचेमागे अडकली, आणि त्याला कारणेही होती.

युरोपात साइडबोर्डची मुळे जेवणाइतकीच मिरवण्यात आहेत. पंधराव्या शतकात बर्गंडीच्या दरबारी भिंतीशी पायऱ्यांचे फडताळ उभे करून त्यावर सोन्याचांदीची भांडी रचत. पायऱ्या किती, हे यजमानाच्या दर्जावर ठरे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट अ‍ॅडमने श्रीमंतांच्या भोजनगृहांत भिंतीशी एक लांब टेबल आणि त्याच्या दोन बाजूंना कलश ठेवलेले दोन उभे कपाटवजा चौथरे अशी रचना रूढ केली. एखाद्या चौथऱ्यात ताटे गरम ठेवायची सोय असे, कलशात पाणी. पुढे हे तिन्ही तुकडे जोडले गेले आणि खणांचा साइडबोर्ड तयार झाला. जॉर्ज हेपलव्हाइटच्या पश्चात १७८८ मध्ये निघालेल्या नमुन्यांच्या पुस्तकात तो दिसतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळात त्याच्यावर नक्षीचा इतका भार चढला, की एडवर्ड विल्यम गॉडविनने १८६७ च्या सुमारास केलेला काळा, सडपातळ, जवळजवळ नक्षीविरहित साइडबोर्ड आजही धाडसी वाटतो. जपानी वळणाचा हा नमुना लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात भरलेल्या भागाइतकेच महत्त्व रिकाम्या चौकटींना आहे.

त्याच शतकात मुंबईत मात्र नेमके उलटे चालले होते. फोर्टातल्या मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नगिनदास मास्टर रोडवर, शिसवी लाकडाचे कोरीव फर्निचर बने. 'बॉम्बे ब्लॅकवुड' म्हणून ते ओळखले गेले. वेली, पाने, पक्षी, प्राणी. बोटभर जागा कोरी सोडायची नाही. इंग्रजांच्या बंगल्यांतून आणि पारशी घरांतून ते गेले. कारागिरी अफाट, पण अशा साइडबोर्डवर एक फुलदाणी ठेवली तरी गर्दी होते, असे माझे मत आहे. ते फर्निचर स्वतःच आरास होते.

मराठी घराला फर्निचरची फारशी गरज नव्हती. वाड्याच्या भिंती जाड, त्यामुळे कोनाडा आणि फडताळ भिंतीच्या पोटातच निघे. स्वयंपाकघरात मांडणीवर पितळी डबे, घागरी, तांबे उंचीच्या क्रमाने बसत. दसऱ्याआधी चिंच आणि राखेने घासून पुन्हा मांडले जात. चाळीच्या खोलीत हे काम भिंतीवरच्या फळीने केले. या रोजच्या वस्तूंना कला मानून गोळा करणारा माणूस पुण्यात होता. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. अडकित्ते, दिवे, वज्र्या, फण्या असे काय काय त्यांनी जमवले, दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले आणि १९७५ मध्ये ते राज्य शासनाला दिले. दहावीस अडकित्ते एका ओळीत ठेवले तर काय दिसते, हे शिकायला त्यासारखी शाळा नाही.

मग ब्लॉक आला, आणि हॉलमध्ये शोकेस आली. प्लायवूड, सनमायका, सरकत्या काचा. आत आग्र्याचा संगमरवरी ताजमहाल, कन्याकुमारीचे शंख, शाळेतले कप, सावंतवाडीची रंगीत लाकडी फळे, आणि पाहुण्यांसाठी राखलेला पण पाहुणे आल्यावरही न निघणारा टी-सेट. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. पुढे टीव्ही शोकेसच्या मधोमध शिरला आणि बाकीच्या वस्तू त्याच्या दोन बाजूंना पहारेकऱ्यांसारख्या उभ्या राहिल्या. एकदा ठेवलेले तिथेच राहिले. मागे सरून डोळे बारीक करायचे कारण संपले.

तरी शोकेसला हसणाऱ्यांना एक विचारावेसे वाटते : धूळ कोण पुसणार होते? नोकरीला जाणाऱ्या बाईला काच म्हणजे सुटका होती. ती सुटका तिने आनंदाने घेतली, आणि योग्य केले.

आता टीव्ही भिंतीवर गेला आहे आणि उघड्या माथ्याचा साइडबोर्ड आला आहे. उंची साधारण ३० ते ३६ इंच. खोली १५ ते १८ इंच असते, पण मुंबईच्या अरुंद हॉलमध्ये चौदाच्या पुढे गेलात तर जाता-येता कोपरा लागेल. वरचे चित्र साइडबोर्डच्या सुमारे दोन-तृतीयांश रुंदीचे असावे आणि माथ्यापासून सहा-आठ इंचांवर टांगावे. फार वर टांगले की चित्राचा आणि खालच्या वस्तूंचा संबंध तुटतो. दिवा पिवळसर, २७०० ते ३००० केल्विनचा. पांढऱ्या झगझगीत उजेडात पितळ मेलेले दिसते.

वाड्याचा बाज हवा असेल तर कसबा पेठेतल्या तांबट आळीचे मठारलेले तांबे घ्या. ठोक्यांच्या खळग्यांत उजेड पकडणारा एक मोठा हंडा मागे, पुढे आडवी पसरट परात. बास. तिसरे भांडे घेतले की दुकान दिसू लागते. मागे वारली चित्र शोभते. ही चित्रे मुळात लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने बायका काढत. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणून जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

गोव्याचा बाज वेगळा. चांदोरच्या ब्रागांझा घरात कोरीव लाकडाशेजारी चिनी मातीची भांडी दिसतात. मकावमार्गे हा माल पोर्तुगिजांच्या व्यापारातून आला. निळ्या-पांढऱ्या दोन बशा मागे टेकवून उभ्या केल्या, पुढे मेणबत्तीचे एखादे उंच घर ठेवले, तरी तो सूर लागतो. मात्र जुन्या बाजारातून आणलेला संत किंवा देव फुलदाणीशेजारी शोभेला ठेवू नये. ज्याच्यासमोर कोणीतरी हात जोडत होते, त्याला लँपशेडखाली उभे करणे मला पटत नाही.

राहिला धुळीचा प्रश्न. किनाऱ्यावरच्या दमट हवेत उघडे पितळ लवकर काळवंडते, म्हणून आता त्यावर लॅकरचा पारदर्शक थर देऊन विकतात. त्याला कोरडे फडके पुरते. पण घरच्या सवयीने कोणी चिंच किंवा पावडर लावून घासले, तर थर जागोजागी उडतो आणि भांड्यावर डाग पडतात. मग उरलेला थरही काढून टाकावा लागतो आणि चिंचेकडे कायमचे परत यावे लागते. विकत घेताना हे दुकानदाराला विचारून घ्या. तो आपणहून सांगत नाही.