पन्हळ, रबर आणि भोक
जुनी गाडी, नवा पावसाळा : लेखांक ६

गेल्या आठवड्यात चासीच्या गंजापाशी थांबलो तेव्हा एक प्रश्न शिल्लक राहिला होता. वरून धडधाकट दिसणारा पत्रा आतून का सडतो? बहुतेक जुन्या गाड्यांत याचं उत्तर पायाखालच्या मॅटच्या खाली सापडतं. मलंगगड-माथेरानच्या डोंगररांगेला खेटून असलेल्या अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात जूनमध्ये जीपचा, सुमोचा किंवा बोलेरोचा नमदा एकदा भिजला की दसऱ्यापर्यंत नीट वाळत नाही. मॅट वरून कोरडी दिसते, खाली मात्र पत्रा पाण्यात बसलेला असतो. निदान ठरलेलं असतं : ‘रबर गेलंय.’ रबर बदललं जातं आणि पुढच्या मोठ्या सरीला त्याच कोपऱ्यातून पाणी येतं. मग सिलिकॉनची ट्यूब निघते. रबर बदलणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण रबराकडून आपण जे काम मागतो, ते त्याचं कामच नाही. आपल्याला वाटतं की दाराचं रबर ही एक भिंत आहे. ती खरं तर स्प्रिंग आहे. दार लागताना ती दबते आणि उलट दाबते, आणि तो उलटा दाब जिथवर आहे तिथवरच पाणी अडतं.

हे पटवण्यासाठी मोटारीच्या शास्त्रात शिरायची गरज नाही, स्वयंपाकघर पुरेसं आहे. कुकरची रिंग कुठेही फाटलेली नसते, तरी एक दिवस झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसायला लागते. घरात कुणीतरी ती फ्रिजमध्ये ठेवायला सांगतं, त्यावर दोन-चार दिवस निघतात आणि शेवटी नवी आणावीच लागते. रिंग दिसायला शाबूत होती, तिची उसळी गेली होती. आपल्या भागात तर घरटी एक जण कारखान्यात काम केलेला असतो. पाइपाच्या दोन फ्लँजमधलं गास्केट बोल्ट आवळल्याशिवाय काही करत नाही, हे त्याला सांगावं लागत नाही. तोच माणूस स्वतःच्या गाडीचं दार बघताना मात्र हे विसरतो, कारण दाराला बोल्ट दिसत नाहीत. दाराचे बोल्ट म्हणजे त्याची बिजागरं आणि लॉकचा स्ट्रायकर. वर्षानुवर्षं दबून राहिलेलं रबर दाबलेल्या आकारातच कायमचं बसतं, आणि एप्रिल-मेच्या उन्हात तापणाऱ्या गाडीत ही क्रिया आणखी वेगाने होते. म्हणून जुनं रबर तपासताना भेगा नंतर बघाव्यात. आधी अंगठ्याने दाबून सोडावं आणि ते परत वर येतं का ते पाहावं.

भेगा पडण्याचं कारण वेगळं आहे. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधली, तरी नैसर्गिक रबराच्या लांबलचक साखळीत दुहेरी बंध उरतातच. हवेतला ओझोन नेमका त्यांच्यावर घाला घालतो, आणि ताणलेल्या रबरावर तर जास्तच. दाराच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे पट्टी वळवताना ताणली जाते, तिथे आडव्या भेगा सगळ्यात आधी दिसतात ते यामुळेच. १९६० च्या दशकात बाजारात आलेल्या ईपीडीएम रबराच्या मुख्य साखळीत हे दुबळे दुवे नाहीत. ज्या उत्प्रेरकांमुळे अशी रबरं बनवता आली, त्यांच्यासाठी झीग्लर आणि नाट्टा यांना १९६३ चं नोबेल मिळालं. ऊन, पाणी, ओझोन यांना ईपीडीएम दाद देत नाही, तेलापुढे मात्र ते हरतं. ग्रीस, डिझेल किंवा इंजिन ऑइल लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. ‘रबराला थोडं ऑइल लावा, नरम राहील’ हा गॅरेजमधला सल्ला म्हणूनच घातक आहे. लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस लावावं, तेही बोटाला जेमतेम लागेल इतकंच.

आता स्प्रिंगचा हिशेब मांडू. दाराच्या पोकळ, फुगीर रबराची उंची १५ मिलिमीटर धरली, तर दार लागल्यावर ते साधारण एक तृतीयांश दबावं, म्हणजे पत्रा आणि पत्रा यांत सुमारे १० मिलिमीटर फट हवी. पण वीस वर्षं ओढून-आपटून वापरलेल्या दाराची बिजागरं झिजलेली असतात. दार मागच्या टोकाला खाली लोंबतं, वरच्या कोपऱ्यात फट १४ होते आणि खाली ७ उरते. अशा दाराला जगातलं कुठलंही रबर नीट बसणार नाही. वर ते नुसतं टेकतं आणि खाली चुरडतं. इथे हमखास येणारा आक्षेप म्हणजे ‘मग जाड रबर लावा की’. जाड रबराने वरचा कोपरा भरेल, पण बिजागराच्या बाजूला ते पाचर मारल्यासारखं अडकतं, दार लागत नाही, मालक जोरात आपटतो, आणि आधीच थकलेली बिजागरं आणखी बसतात. वर्षभरात फट पूर्वीपेक्षा मोठी होते. म्हणून क्रम उलटा हवा : आधी बिजागराची पिन आणि बुश, मग स्ट्रायकर, मग रबर. फट मोजायला गेज लागत नाही. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावं आणि ओढून पाहावी. दर वीतभर अंतरावर ती सारख्याच जोराने निघाली तर दाब सारखा आहे. एखाद्या ठिकाणी ती अलगद घसरून बाहेर आली, तर पाणी तिथूनच येतं. दुसरी पद्धत म्हणजे रबरावर खडू फासून दार लावणं. पत्र्यावर उमटलेली रेघ जिथे तुटते, तिथला दाब तुटलेला असतो.

‘कंपनीचं रबर मिळत नाही, मग मीटरवर मिळतं तेच घ्यावं लागतं,’ ही तक्रार मात्र खरी आहे. जुन्या मॉडेलचे सुटे भाग कमी होत जातात, आणि कल्याण-उल्हासनगरच्या दुकानांत बीडिंग मीटरवारी कापून मिळतं. मला त्यात गैर काही वाटत नाही. रबर कुणी बनवलं यापेक्षा त्याचा छेद कसा आहे हे महत्त्वाचं आहे. जुन्या पट्टीचा दोन इंच तुकडा सोबत न्यावा, तोही जिथे ती कमी दबली आहे अशा जागेचा, कारण चपटा झालेला तुकडा दाखवला तर दुकानदार चपटंच रबर देईल. पत्र्याची कड पकडणाऱ्या भागात धातूची पट्टी असावी आणि फुगीर भाग स्पंजसारखा असावा. त्या फुग्याला ठिकठिकाणी बारीक छिद्रं असतात, ती आतली हवा निघून जावी म्हणून असतात. ती चिकटपट्टीने किंवा गोंदाने बुजवली की रबर हवा भरलेल्या ट्यूबसारखं वागतं आणि दार बंद व्हायला नकार देतं. बसवताना रबर अजिबात ताणू नये. ताणून बसवलेलं रबर हळूहळू आकसतं आणि नेमकं जोडापाशी बोटभर फट पडते. उलट थोडं जास्तच घ्यावं, कोपऱ्यात ढकलून बसवावं आणि जोड दाराच्या खालच्या कडेला आणावा. फेविक्विकने हा जोड चांगला धरतो. पहिले काही दिवस दार घट्ट लागेल, ते सहन करावं आणि स्ट्रायकर लगेच सैल करू नये.

सिलिकॉनचा मुद्दा थोडा अवघड आहे, कारण ते कधी कधी खरोखर पाणी थांबवतं. फरक जोडाच्या जातीत आहे. उघडझाप होणारा जोड दाबानेच बंद करावा लागतो, तो चिकटवून चालत नाही. न हलणारा जोड, म्हणजे काचेचं रबर आणि चौकट यांच्यातला किंवा छताच्या दोन पत्र्यांमधला, तिथे न वाळणारी ब्युटाइलची पेस्ट योग्य आहे. पण दाराच्या रबराखाली सिलिकॉन ओतलं तर दोन गोष्टी होतात. आंबट व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडतं, आणि रंग खरवडलेल्या लोखंडाला ते गंजवतं. शिवाय ते पाण्याची जायची वाटही बुजवतं. पेंटरला विचारा, सिलिकॉन लागलेल्या पत्र्यावर रंग धरत नाही म्हणून तो शिव्या घालतो, आणि त्याचं बरोबर असतं.

यावर खरा मोठा आक्षेप जीपच्या चाहत्यांचा असतो : ‘अहो, ही उघडी गाडी. भिजायचीच.’ इतिहास त्यांच्या बाजूने आहे. महिंद्रने १९४७ मध्ये विलीज जीप मुंबईत आणायला सुरुवात केली, तिच्या मूळ लष्करी घडणीत कापडी हूड होतं आणि तळाच्या पत्र्याला पाणी सोडण्याची भोकंच होती. २०२० च्या थारमध्येही धुता येणारा तळ आणि बूच काढून पाणी सोडण्याची सोय आहे. म्हणजे कल्पना जुनीच, पाणी आलं तरी जाऊ द्यायची. पण आपल्याकडच्या कित्येक जीपांवर नंतर हार्डटॉप चढला, आत नमदा, कार्पेट आणि स्पीकर आले, तळाची भोकं कुणीतरी वाळू येते म्हणून वेल्डिंगने बंद केली. ती गाडी आता उघडीही नाही आणि बंदही नाही. गॅरेजमध्ये बनवलेल्या हार्डटॉपला तर बहुधा पन्हळच नसते. कोकणातलं कौलारू घर पाण्याशी कसं वागतं ते आठवा. पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून वळचण पुढे काढलेली असते. भिंतीवर पाणी येऊच द्यायचं नाही, हे पहिलं संरक्षण. गाडीला दारावरची पन्हळ हेच काम करते. ती नसेल तर छताचं सगळं पाणी थेट रबरावर ओघळतं, आणि दार उघडताच सीटवर.

रबर हे त्यानंतरचं, दुसरं संरक्षण, आणि तिसरं म्हणजे भोक. दाराच्या काचेच्या कडेने पाणी दाराच्या आत उतरतं, हे अपेक्षितच असतं. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. चिखलाने ही भोकं बुजली की दार आतून भरतं, पाणी आतल्या पॅनेलवरून पायापाशी येतं आणि दोष पुन्हा रबरावर जातो. २६ जुलै २००५ ला किंवा महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली त्या २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचं पाणी बदलापुरात घुसलं, तेव्हाची परिस्थिती वेगळी. गाडी पाण्यात उभी राहिली तर केबलच्या आणि पेडलच्या भोकांतून पाणी येणारच, दाराचं रबर त्यासाठी नाही. तेव्हा कामाला येतात ती पाणी ओसरल्यावर उघडायची तळाची बुचं.

पाणी कुठून येतं हे शोधताना नळी वरून धरली की सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. एकाने टॉर्च घेऊन आत बसावं, दुसऱ्याने खालून सुरुवात करावी : आधी दाराची खालची कड, मग बिजागर, मग समोरच्या काचेच्या चौकटीचा तळ. आडवी पाडता येणाऱ्या काचेच्या जीपमध्ये ही चौकट बॉनेटमागच्या पत्र्यावर एका रबरावर टेकते आणि दोन चापांनी खाली ओढलेली असते. ते चाप ढिले झाले की ड्रायव्हरच्या गुडघ्यावर थेंब पडतात, रबर कितीही नवं असो. छत सगळ्यात शेवटी. मागच्या दाराची फट मात्र पाण्यापेक्षा धुळीने चांगली सापडते. चौकोनी पाठीच्या गाडीमागे चालताना हवेचा दाब कमी होतो आणि फटीतून धूळ आत ओढली जाते, म्हणून मुरबाडकडच्या एखाद्या मातीच्या रस्त्यावरून फेरी मारून आल्यावर आतल्या पत्र्यावर तपकिरी रेघा स्पष्ट दिसतात. त्याच फटीतून सायलेन्सरचा धूरही येतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो. मागचं रबर त्यामुळे सगळ्यात आधी बदलावं, पाणी पुढच्या दारातून येत असलं तरी.

पुढच्या लेखांकात काचेच्या चॅनलकडे वळू. तोवर दारांच्या तळाची भोकं बारीक सळईने मोकळी करून ठेवावीत.