निरंक, शून्य आणि सरासरी (कोष्टकांशी ओळख : लेखांक ६)

गेल्या लेखांकात आपण पिव्होट टेबल उभं केलं. कुठला रकाना ओळींत ओढायचा, कुठला मधे टाकायचा, इथवर आलो. मधल्या चौकटीत आकडे आले की बहुतेकांचं समाधान होतं, आणि तो तक्ता तसाच वर पाठवला जातो. पण खरं काम तिथून पुढे सुरू होतं. मधल्या चौकटीत आलेला आकडा म्हणजे बेरीज आहे, सरासरी आहे की नुसती मोजणी, हे तुम्ही सांगितलेलं नसतं. एक्सेलने ते आपल्या मनाने ठरवलेलं असतं.

उदाहरणासाठी पेठ तालुका घेऊ. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा, गुजरातच्या सीमेला लागलेला, नव्वद टक्क्यांहून अधिक आदिवासी लोकवस्तीचा हा तालुका. भात, नागली, वरई ही इथली पिकं. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण, अशी इथली जुनी तऱ्हा आहे. सरासरीने फसायला याहून चांगलं ठिकाण शोधून सापडणार नाही.

पेठ, जोगमोडी आणि कोहोर या तीन महसूल मंडळांच्या एका दिवसाच्या पावसाच्या नोंदी समोर आहेत असं समजा. आकडे समजावण्यापुरते, कल्पित आहेत. एका मंडळात ११२ मिलिमीटर, दुसऱ्यात ५८, आणि तिसऱ्याच्या चौकटीत लिहिलंय ‘निरंक’. सरकारी तक्ते भरणाऱ्याला हा शब्द नवा नाही. काही नसलं की निरंक. कचेरीत वर्षानुवर्षं हेच चालत आलंय. कागदावर त्याने काही बिघडत नाही. पण एक्सेलच्या दृष्टीने निरंक हा आकडा नाही, मजकूर आहे.

त्याचा पहिला परिणाम लगेच दिसतो. रकान्यात एका जरी चौकटीत मजकूर असला, तर पिव्होट टेबल बेरीज करायची सोडून ‘काउंट’ करतं, म्हणजे किती चौकटी भरलेल्या आहेत ते मोजतं. पावसाच्या जागी ३ हा आकडा येतो. ही चूक निदान डोळ्यांत भरते, कारण भर जुलैत पेठमध्ये तीन मिलिमीटर पाऊस कुणाला पटणार? मग माणूस आकड्यावर राइट क्लिक करतो, ‘व्हॅल्यू फील्ड सेटिंग्ज’ उघडतो, ‘समराइज व्हॅल्यूज बाय’ या पानावर जातो आणि काउंट काढून ‘ॲव्हरेज’ निवडतो. गूगल शीट्समध्ये हीच निवड उजव्या बाजूच्या पट्टीत ‘समराइज बाय’ या नावाने असते.

दुसरी चूक मात्र डोळ्यांत भरत नाही. ॲव्हरेज निवडल्यावर आकडा येतो ८५. म्हणजे ११२ अधिक ५८, भागिले दोन. निरंकवाली चौकट हिशोबातून गुपचूप बाहेर पडली. आता त्याच चौकटीत निरंकऐवजी ० टाइप करा, टेबल रिफ्रेश करा, आणि सरासरी होते ५६.७. पाऊस तेवढाच, मंडळं तीच. फक्त भागाकाराचा छेद दोनाचा तीन झाला.

याने काय फरक पडतो? महाराष्ट्रात एखाद्या मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरली जाते, आणि पिकांच्या नुकसानीच्या पंचनाम्यांशी त्या आकड्याचा थेट संबंध असतो. आपल्या तक्त्यात एका सेटिंगने तालुका ६५ च्या वर जातो, दुसऱ्याने खाली. आणि खरं तर दोन्ही उत्तरं गैरलागू आहेत, कारण निकष मंडळाचा आहे, तालुक्याच्या सरासरीचा नाही. इथे निवडायला हवं होतं ‘मॅक्स’, म्हणजे कमाल. तो ११२ दाखवतो आणि विषय संपतो. तालुक्यात कुठे तरी अतिवृष्टी झाली का, या प्रश्नाला कमाल उत्तर देते. तालुक्यात एकंदर किती पाऊस झाला, याला सरासरी. मोसमाच्या अखेरीस एका मंडळात एकूण किती पडला, याला बेरीज. मात्र तिन्ही मंडळांच्या पावसाची बेरीज करून तालुक्याचा पाऊस म्हणून सांगणं ही शुद्ध गफलत आहे, आणि ती सहज होते, कारण पिव्होट टेबलचा आवडता हिशोब बेरीज हाच आहे.

मग निरंकचं काय करायचं? आधी त्याचा अर्थ ठरवायचा. पाऊस पडलाच नाही, तर तिथे ० हवा. पर्जन्यमापक बंद होता किंवा नोंदच आली नाही, तर चौकट रिकामी हवी. तिथे शून्य भरणं म्हणजे न घेतलेली नोंद घेतल्यासारखी दाखवणं. हा फरक संगणकाला कळणार नाही. तो तलाठी, मंडळ अधिकारी, ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक यांनाच ठाऊक असतो. किती चौकटींत मजकूर घुसलाय हे पाहायची एक सोपी युक्ती आहे. तोच रकाना मधल्या भागात दोनदा ओढा. एकाला ‘काउंट’ लावा, दुसऱ्याला ‘काउंट नंबर्स’. पहिला सगळ्या भरलेल्या चौकटी मोजतो, दुसरा फक्त आकडे असलेल्या. दोन्हींत फरक आला की तेवढ्या ठिकाणी निरंक, डॅश किंवा ‘माहिती अप्राप्त’ बसलंय असं समजा. मोठा तक्ता हाती घेतला की पहिल्यांदा हे करावं.

जाता जाता: हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. १५ तारखेला नोंदवलेला पाऊस हा १४ च्या साडेआठपासूनचा असतो. तारखांवर पिव्होट करताना हे विसरलं की वर्तमानपत्रातली बातमी आणि आपला तक्ता यांची एका दिवसाने चुकामूक होते.

आता कल्पित आकडे बाजूला ठेवू आणि खरे घेऊ. २०११ च्या जनगणनेतली नाशिक जिल्ह्याच्या पंधरा तालुक्यांची लोकसंख्या अशी: नाशिक १७,५५,४९१, मालेगाव ९,५५,५९४, निफाड ४,९३,२५१, बागलाण ३,७४,४३५, सिन्नर ३,४६,३९०, दिंडोरी ३,१५,७०९, नांदगाव २,८८,८४८, येवला २,७१,१४६, इगतपुरी २,५३,५१३, चांदवड २,३५,८४९, कळवण २,०८,३६२, सुरगाणा १,७५,८१६, त्र्यंबकेश्वर १,६८,४२३, देवळा १,४४,५२२ आणि पेठ १,१९,८३८. बेरीज ६१,०७,१८७. शीटमध्ये उतरवून घ्या, पुढचं वाचताना हाताशी असू द्या.

ॲव्हरेज लावलं तर तालुक्यामागे ४,०७,१४६ माणसं येतात. यादीवर पुन्हा नजर टाका. एवढी लोकसंख्या ओलांडणारे तालुके फक्त तीन आहेत: नाशिक, मालेगाव, निफाड. बाकीचे बारा सरासरीच्या खाली. पंधरातले बारा ज्याच्या खाली आहेत त्या आकड्याला जिल्ह्याचा नमुना म्हणायचं धाडस मी तरी करणार नाही. इथे मध्यक घ्यावा, म्हणजे क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणारा आठवा आकडा: येवला, २,७१,१४६. गंमत अशी की एक्सेलच्या साध्या पिव्होट टेबलच्या यादीत मध्यक नाहीच. गूगल शीट्समध्ये ‘मीडियन’ आहे, फुकट मिळणाऱ्या लिब्रे ऑफिसमध्येही आहे. एक्सेलवाल्यांनी पिव्होटच्या बाहेर साधं मीडियनचं सूत्र लिहावं, किंवा डेटा मॉडेलच्या वाटेने जावं. एवढं मोठं सॉफ्टवेअर आणि मध्यकाला जागा नाही, याचं मला कोडं आहे.

आता त्याच सेटिंग्जचं दुसरं पान: ‘शो व्हॅल्यूज ॲज’. पहिल्या पानावर हिशोब कुठला ते ठरतं, दुसऱ्या पानावर तो कशाच्या तुलनेत दाखवायचा ते. ‘पर्सेंट ऑफ ग्रँड टोटल’ निवडा, पेठपुढे १.९६ टक्के येईल. म्हणजे जिल्ह्यातल्या शंभर माणसांत पेठची जेमतेम दोन. आता तालुक्यांच्या डावीकडे आणखी एक रकाना जोडा. पेठ, सुरगाणा आणि कळवण हे संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात मोडणारे तालुके. त्यांच्यापुढे ‘अनुसूचित’ लिहा, उरलेल्यांपुढे ‘इतर’. (दिंडोरी, इगतपुरी वगैरेंचे काही भागही अनुसूचित आहेत, इथे हिशोब सोपा राहावा म्हणून ते ‘इतर’मध्ये टाकलेत.) हा रकाना ओळींत तालुक्याच्या वर ओढा आणि ‘पर्सेंट ऑफ पेरेंट रो टोटल’ लावा. पेठचा आकडा १.९६ वरून एकदम २३.७८ होतो, कारण आता छेद जिल्ह्याचा नाही, तीन तालुक्यांच्या ५,०४,०१६ या बेरजेचा आहे. निधीवाटपाच्या बैठकीत कुणी पेठचा वाटा दोन टक्के म्हणालं आणि कुणी चोवीस, तर दोघंही खरं बोलत असू शकतात.

गाळणीचाही यात हात असतो. फिल्टर लावून नाशिक तालुका काढून टाका. पुन्हा एकूण बेरजेचे टक्के पाहा. पेठ २.७५ टक्क्यांवर जातो. फिल्टर नुसत्या ओळी लपवत नाही, छेदही कमी करतो, आणि छापलेल्या कागदावर त्या फिल्टरचा मागमूस राहत नाही.

काळाची तुलना करताना ‘पर्सेंट डिफरन्स फ्रॉम’ कामी येतं. नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ मध्ये ३८,५१,३५२ होती, २००१ मध्ये ४९,९३,७९६ आणि २०११ मध्ये ६१,०७,१८७. पाया म्हणून ‘प्रीव्हियस’ निवडलं तर दशकागणिक वाढ दिसते: २९.६६ टक्के, मग २२.३०. म्हणजे वेग मंदावला. पाया १९९१ वर पक्का केला तर दिसतं २९.६६ आणि ५८.५७, आणि घाईत वाचणाऱ्याला वाटतं की वाढ दुप्पट झाली. शिवाय प्रीव्हियस म्हणजे काळाने आधीचं नव्हे, मांडणीत आधीचं. कुणी नवं वर्ष वर यावं म्हणून उलटा क्रम लावला, तर २००१ पुढे उणे १८.२३ टक्के येतात. लोकसंख्या घटली म्हणून कुणी दचकू नये.

हीच तुलना तालुक्यावर करायला जाल तर आणखी एक खड्डा आहे. १९९१ च्या जनगणनेत जिल्ह्यात १३ तालुके होते, २००१ मध्ये १५. मधल्या काळात त्र्यंबकेश्वर आणि देवळा वेगळे झाले. सीमा बदलल्या की जुना आकडा पाया म्हणून वापरता येत नाही, मग सेटिंग कितीही अचूक असो. हवामान खातंही आपला पाया अधूनमधून बदलतं. देशाच्या मोसमी पावसाची सरासरी आधी १९६१ ते २०१० या काळावरून ८८०.६ मिलिमीटर धरली जायची. २०२२ पासून १९७१ ते २०२० घेऊन ती ८६८.६ धरतात. पाया उतरला की तोच पाऊस टक्क्यांत थोडा अधिक दिसतो.

उरलं ‘कॅल्क्युलेटेड फील्ड’, म्हणजे पिव्होटच्या आतच सूत्र लिहून नवा रकाना तयार करण्याची सोय. ती वापरण्याआधी एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हे सूत्र प्रत्येक ओळीवर चालत नाही, आधी बेरजा होतात आणि मग त्या बेरजांवर सूत्र चालतं. एका शेतकऱ्याने १० क्विंटल भात ३,००० रुपये दराने विकला, दुसऱ्याने २० क्विंटल २,५०० ने. हातात आले ३०,००० आणि ५०,०००, मिळून ८०,०००. कॅल्क्युलेटेड फील्डमध्ये वजन गुणिले दर लिहिलं, तर ते एकूण ३० क्विंटलला दोन दरांच्या बेरजेने, ५,५०० ने गुणतं आणि उत्तर देतं १,६५,०००. प्रत्येकाच्या ओळीत बरोबर, शेवटच्या बेरजेत चूक, म्हणून ही फार उशिरा सापडते. गुणाकार असेल तर मूळ शीटमध्येच रक्कम हा रकाना करावा.

भागाकाराला मात्र हाच स्वभाव उपयोगी पडतो. एका हेक्टरवर ३० क्विंटल काढणारा एक शेतकरी आणि चार हेक्टरवर ६० काढणारा दुसरा. हेक्टरी उत्पादन ३० आणि १५. त्यांची साधी सरासरी २२.५. कॅल्क्युलेटेड फील्ड सांगतं १८, म्हणजे ९० भागिले ५, आणि गावाची खरी हेक्टरी उत्पादकता तीच. साडेबावीस हा आकडा जमिनीचा नाही, शेतकऱ्यांचा आहे. तोही कधी लागतो, पण मग त्याला उत्पादकता म्हणू नये.

तक्ता बाहेर पाठवण्याआधी एवढं करा. रकान्याचं ‘सम ऑफ पाऊस’ छापाचं नाव बदलून साध्या मराठीत हिशोब लिहा: ‘मंडळनिहाय कमाल पाऊस, मि.मी.’ किंवा ‘अनुसूचित तालुक्यांतील वाटा, टक्के’. खाली एका ओळीत फिल्टर कुठला लावलाय आणि रिकाम्या चौकटी किती आहेत ते नोंदवा. एक्सेलचं पिव्होट मूळ शीटमधली दुरुस्ती आपणहून उचलेलच असं नाही, तेव्हा शेवटी रिफ्रेश करायला विसरू नका.

पुढच्या आठवड्यात गट कसे पाडायचे ते पाहू: तारखांचे महिने, वयाचे टप्पे, क्षेत्राचे वर्ग. तोवर सरावाला एक गणित. वरच्या यादीतून नाशिक तालुका फिल्टरने काढा आणि उरलेल्या चौदांची सरासरी घ्या. उत्तर ३,१०,८३५ यायला हवं. वेगळं आलं तर आधी एखाद्या चौकटीत आकड्याऐवजी मजकूर बसलाय का ते तपासा.