वरच्या मजल्यावरची फरशी का वाजते?

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी-औरंगपुऱ्याकडच्या जुन्या वाड्यांत माडीवर चाललं की कडीपाट करकरायचा आणि कुणी त्याची चिंता करत नसे. लाकूड वाळतं, खिळा सैल होतो, फळी तुळईवर घासते. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. सातारा-देवळाई किंवा बीड बायपासकडच्या दोन-तीन वर्षांच्या रो-हाउसमध्ये मात्र जमिनीत लाकूड नावालाही नाही. खाली स्लॅब, वर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल. तरी वरच्या बेडरूममध्ये ठरावीक जागी पाय पडला की ‘कट्’ वाजतं आणि सांध्यातून ग्राउटची पूड निघते. मग घरात दोन शंका निघतात: घर खचलं, नाहीतर टाइल हलकी निघाली. बहुतेक वेळा दोन्ही चूक असतात. दोष बसवण्याच्या पद्धतीत असतो, आणि तो ओळखल्याशिवाय केलेल्या दुरुस्तीचे पैसे वाया जातात.

खचणं हा मुख्यतः तळमजल्याचा प्रश्न. जोत्यातला भराव पाणी मारून, थराथराने धुमस करून दाबला नसेल तर फरशी खाली बसते, स्कर्टिंगखाली फट पडते. वरच्या मजल्यावर चित्र उलटं दिसतं: सांधे करकचून मिटलेले आणि टाइल वर आलेली. जाणता कारागीर आधी नाण्याने किंवा हातोडीच्या दांड्याने टाइल-टाइल ठोकत जातो. भरीव जागी आवाज आखूड येतो, पोकळ जागी घुमतो. तिथे खडूची खूण. सैल टाइल सक्शन कप लावून ओढली की बऱ्याचदा अख्खी हातात येते. तिची पाठ उलटून बघावी. कारखान्यातून येताना लागलेली पांढरी पूड तशीच, सिमेंटचा कणही नाही; खालच्या मालावर मात्र पाठीच्या खाचांचा स्वच्छ ठसा. माल शाबूत, टाइल शाबूत, पण दोघांची गाठ कधी पडलेलीच नाही. व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्क्याहून जास्त पाणी पीत नाही, त्यामुळे सिमेंटच्या स्लरीला शिरायला जागाच नसते. त्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार गेलेला, नळाला रोज पाणी नाही, टँकरच्या पाण्यावर काम चाललेलं. टाइल टेकवेपर्यंत स्लरी वरून सुकलेली असते.

नुसत्या पोकळीने टाइल उचलली जात नाही, त्याला दाब लागतो. काँक्रीट वाळताना आखडतं. आय.एस. ४५६ या मानकात हे आखडणं हिशेबासाठी ०.०००३ धरलं आहे, म्हणजे ५ मीटरच्या खोलीत दीड मिलिमीटर. त्यातलं बरंचसं स्लॅब भरल्यानंतर कित्येक महिने चालू राहतं. टाइल आखडत नाही. त्यात ती भिंतीपासून भिंतीपर्यंत सांधा न सोडता ठासलेली. आकडा किरकोळ वाटतो, पण तो सगळा दोन फुटी टाइलच्या एकाच जोडीत मोकळा झाला, तर ती जोडी तंबूसारखी तीन सेंटीमीटरपर्यंत उभी राहू शकते. थंडीत काँक्रीट टाइलपेक्षा जास्त आकसतं, म्हणून अशा फरश्या गारठ्यातही उडतात. जानेवारी २०१८ मध्ये सिंगापुरात हवा अचानक गार झाली, तेव्हा सरकारी वसाहतींतल्या घराघरांतून हीच तक्रार आली.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, ‘शहाबादी तर सिमेंटमध्येच बसायची, ती कुठे उडाली?’ शहाबादीची पाठ खडबडीत, फरशी जाड आणि सांधे चांगले रुंद. आखडणं ते सांधे गिळायचे. आपण दगड बदलला, पद्धत जुनीच ठेवली आणि सांधा तेवढा काढून टाकला. दुसरा आक्षेप घरच्यांचा: सांध्यात मळ बसतो. बसतो खरा. पण २-३ मिलिमीटरच्या सांध्यात चांगला ग्राउट भरला तर तो पुसता येतो. उचललेली फरशी पुसून खाली बसत नाही. भिंतीलगत सोडायची ८-१० मिलिमीटर फट तर स्कर्टिंगखाली झाकूनच जाते. तिसरा सल्ला ठेकेदाराचा, ‘सगळं उखडा’. हा बहुधा त्याच्या सोयीचा असतो. पोकळ वाजते पण हलत नाही, अशी टाइल राहू द्यावी. भोक पाडून आत रसायन भरल्याने पोकळी भरते, दाब कमी होत नाही. सांधे मिटलेले असतील तर आधी ते कटरने मोकळे करायला हवेत. हलणारी टाइल काढून खालचा माल छिन्नीने खरवडावा, टाइलची पाठ घासून धुवावी आणि आय.एस. १५४७७ मानकानुसारचा अॅडहेसिव्ह खाचांच्या थापीने खाली ओढून, पाठीवरही फासून, स्पेसर लावून ती बसवावी. हे महाग पडतं ही तक्रार खरी आहे. दुसऱ्यांदा मजुरी देणं त्याहून महाग.

घर रेरा नोंदणीच्या प्रकल्पातलं असेल तर हा खर्च तुमचा नाहीच. २०१६ च्या कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत कामाच्या दर्जातला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. म्हणून खडूच्या खुणांचे तारखेसह फोटो काढा आणि मुदत संपण्याआधी पत्र द्या.