धडा मोबाईलवर, सराव पुतळ्यावर

वाचकहो, काही वर्षांपूर्वीच्या एका बाजाराच्या दिवसाची ही गोष्ट. माझ्या दवाखान्यात नंबर लावून बसलेला एक पन्नाशीचा रुग्ण अचानक कोसळला. नाडी लागेना. मी त्याची मान मागे केली, तोंडावाटे श्वास दिला आणि मग छाती दाबू लागलो. पंधरा दाब, दोन श्वास. तेवढ्यात १०८ ची रुग्णवाहिका आली. तिच्यातील तरुण डॉक्टर गुडघे टेकत म्हणाले, "सर, तीस दाब, मग दोन श्वास. आणि सुरुवात दाबानेच करायची." चालक मोठ्याने आकडे मोजू लागला.

रुग्ण वाचला नाही. माझी पद्धत नवी असती तर तो वाचला असता का, हे कोणीच सांगू शकणार नाही. पण मनाला टोचणी लागली.

आम्ही शिकलो तेव्हा एकट्याने उपचार करताना पंधरास दोन हेच प्रमाण होते. २००५ साली ते तीसास दोन झाले. २०१० पासून मोठ्या माणसांत आधी दाब, मग श्वास असा क्रम आला. कारण रक्तात काही मिनिटे पुरेल एवढा प्राणवायू असतो. ते रक्त मेंदूपर्यंत पोचवणे अधिक निकडीचे. मी हे वाचले होते, पण हात जुनेच राहिले!

पुढे त्या डॉक्टरांना विचारले, हे कुठे शिकलात? ते म्हणाले, "मोबाईलवर. कॉल नसतो तेव्हा."

महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ साली सुरू झाली. ही गाडी चोवीस तास सज्ज ठेवावी लागते. सगळ्यांना एकदम शहरात प्रशिक्षणाला पाठवता येत नाही. ऑनलाइन धडा मात्र गाडीपाशी येतो. चित्रफीत, मग प्रश्न. उत्तर चुकले तर का चुकले तेही समजते. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तातील प्राणवायू ९० टक्क्यांहून अधिक असेल तर सरसकट ऑक्सिजन लावायची गरज नसते. पक्षाघात झाल्यास 'रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला?' हे नातेवाइकांना विचारायचे, कारण गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. अशा गोष्टी पडद्यावर उत्तम शिकता येतात.

पण छाती पाच ते सहा सेंटिमीटर दबली की नाही, हे चित्रफीत पाहून हाताला कळत नाही. शिवाय हे कौशल्य काही महिन्यांतच बोथट होते. म्हणून मी धडा घेतला आणि सरावाच्या पुतळ्यावर हातही चालवला. दोन मिनिटांत घाम फुटला. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा असे का सांगतात, ते तेव्हा उमगले. प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात असा एक पुतळा आणि महिन्यातून एक तास सरावासाठी हवाच.

आणि वाचकहो, तुमच्यासमोर कोणी कोसळले, हाकेला ओ देत नसेल, श्वास थांबला असेल किंवा नुसते आचके येत असतील, तर १०८ ला फोन लावा आणि छातीच्या मध्यभागी जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा. गाडी येईपर्यंत हात थांबवू नका.